बाकावरची तीन वर्षं

शकीम ग्रिफिनबद्दल ज्यांनी ऐकलं आहे, त्यांनी बहुधा एकच व्हिडिओ पाहिलेला असतो. मार्च २०१८, इंडियानापोलिस. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिथे जाऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांची दर वर्षी या गावात चाचणी होते. धावायला लावतात, उड्या मारायला लावतात, वजनं उचलायला लावतात, आणि ३२ टीम्सची माणसं वह्या घेऊन बसलेली असतात. व्हिडिओत एक मुलगा बेंचवर उताणा झोपलाय. डाव्या हाताला पंजा नाही; तिथे कृत्रिम हात चढवून तो बारला अडकवलाय. बारवर २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो. मुलाचं स्वतःचं वजन साधारण तेवढंच. बार छातीपर्यंत येतो, वर जातो. असं वीस वेळा. शेवटच्या दोन-तीन वेळांना आजूबाजूची मुलं, जी खरं तर त्याच्याशीच स्पर्धा करायला आलीत, आरडाओरडा करून छत डोक्यावर घेतात.

हा व्हिडिओ आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या मावशीकडून आला. वर ओळ होती: ‘याला हात नाही तरी याची तक्रार नाही, आणि आपली पोरं एसी बंद पडला तर अभ्यास करत नाहीत.’ खाली जोडलेले हात, दोन गुलाब आणि एका मामेभावाचं ‘निःशब्द’. मीही जोडलेले हात टाकले आणि गप्प बसलो. मावशीशी ग्रुपवर वाद घालायचा नसतो, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

पण मला बोलायचं होतं. मी ऑरलँडोत राहतो. माझं ऑफिस युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या अगदी शेजारच्या रिसर्च पार्कमध्ये आहे; विमानांचे, रणगाड्यांचे सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांचा तो पट्टा. युनिव्हर्सिटीला इथे कुणीच पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे यूसीएफ म्हणतात. १९६३ साली केप कॅनाव्हरलच्या अवकाश कार्यक्रमाला इंजिनिअर पुरवायला हे कॉलेज काढलं, फुटबॉल तर १९७९ मध्ये सुरू झाला. जिथे लोक आजोबांच्या काळापासूनच्या विजयांची उजळणी करतात, अशा या खेळात हे म्हणजे कालचं पोर. शकीम इथे खेळला आणि त्याच्या शेवटच्या दोन मोसमांतले घरचे बरेच सामने मी स्टेडियममध्ये बसून पाहिले. त्या दोन वर्षांत जे पाहिलं, त्यात १०२ किलोचा बार सगळ्यात कमी मजेचा.

आधी त्याच्या हाताचं सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय कुणी पुढचं ऐकत नाही. शकीम आणि शकील हे जुळे भाऊ. जन्म जुलै १९९५, गाव सेंट पीटर्सबर्ग, आमच्यापासून पश्चिमेला दोनेक तासांवर, टॅम्पाच्या खाडीपलीकडे. आईच्या पोटात असताना गर्भाभोवतीच्या पडद्याचा एक पट्टा शकीमच्या डाव्या मनगटाला आवळून बसला आणि त्या हाताची बोटं नीट वाढलीच नाहीत. नुसता धक्का लागला तरी असह्य दुखायचं. चार वर्षांचा असताना एका रात्री आईला तो स्वयंपाकघरात सापडला, हातात सुरी, बोटं कापून टाकायच्या तयारीत. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि पंजा काढला. मी हे लांबवत नाही, यावर पुरेसं रडून झालंय. त्याच्या स्वतःच्या बोलण्यात मात्र या रात्रीचा सूर दुःखाचा नसतो. दुखणं थांबलं, खेळायला मोकळा झालो, असा असतो. पट्टी सुटायच्या आत पोरगा अंगणात चेंडू खेळत होता म्हणतात.

वडील टो-ट्रक चालवायचे. त्यांनी पोराला वजन उचलता यावं म्हणून लाकडाचा एक ठोकळा गुंडाळून तयार केला. डाव्या मनगटाखाली तो ठेवला की बार दोन्हीकडे सारखा राहायचा. दुकानातून आणलेलं काही नाही, गॅरेजमधलं लाकूड. इंडियानापोलिसला लोक ज्या कृत्रिम हाताकडे बघून भारावले, त्याच्या आधीची बरीच वर्षं हा ठोकळा होता. आठेक वर्षांचा असताना समोरच्या टीमच्या एका कोचने हरकत घेतली होती की, फुटबॉल हा दोन हातांच्या मुलांचा खेळ आहे. हे शकीमनेच पुढे लिहिलं. त्याच सामन्यात त्याने समोरच्यांचा चेंडू हवेत पकडला.

आता खेळाकडे.

मला हा खेळ आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने शिकवला. जन्मभर शाळेच्या टीम्सना शिकवून निवृत्त झालेला माणूस, सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘कोच’ म्हणते. अमेरिकेत येऊन मला दहा वर्षं होत आली होती आणि तरी फुटबॉल म्हणजे मध्येमध्ये जाहिराती असलेली ढकलाढकली, यापलीकडे माझी मजल नव्हती. कोच पहिल्या दिवशी म्हणाले, “चेंडू बघू नकोस. चेंडू सगळे बघतात.” मग काय बघू? “तो धिप्पाड माणूस बघ, ओळीच्या टोकाचा. त्याचं पहिलं पाऊल बघ.”

ओळीच्या टोकाचा धिप्पाड माणूस म्हणजे टॅकल. क्वार्टरबॅक, जो चेंडू फेकतो, त्याला वाचवायचं याचं काम. वजन एकशे चाळीस किलोच्या घरात. चेंडू हलल्याबरोबर याचं पहिलं पाऊल मागे पडलं, तर पास येणार. पुढे पडलं, तर धाव. समोर उभ्या असलेल्या लाइनबॅकरने, म्हणजे बचावाच्या पुढच्या भागातल्या खेळाडूने, हे अर्ध्या सेकंदात वाचायचं आणि उरलेल्या वेळात त्या माणसाला चुकवून, वळसा घालून, क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. चेंडू हातात असतानाच त्याला खाली पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात. फेकून झाल्यावर उशिरा पाडलं, तर उलट दंड होतो. सगळा फरक पापणी लवण्याचा.

हे कळल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण ही तर कबड्डी. आमच्या गावच्या मैदानावर चढाई करणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या पडायच्या, बक्षीसही त्यालाच. पण जाणकार मंडळी कोपरारक्षकाकडे बघत बसायची. तो चढाईपटूच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतो. वजन कुठल्या पायावर आलंय, बोनसला पाय उचलणार की परत फिरणार, हे ओळखून घोट्याला हात घालतो. पकड जमली की अर्धं पब्लिक विचारतं, कुणी धरला रे? फुटबॉलमध्येही बचावपटूचं तेच. शंभर लोकांना विचारा, क्वार्टरबॅकची नावं सांगतील.

आता यात हाताचं काम कुठे येतं? येतं, आणि तेच मावशीच्या व्हिडिओत दिसत नाही. टॅकल तुमच्या छातीवर दोन्ही पंजे मारतो, शर्टात बोटं अडकवतो. ते पंजे झटकायचे तर आपले हात लागतात. समजा बचावपटू आपल्या बाजूच्या डाव्या टोकाकडून बाहेरून वळसा घालतोय, तर टॅकल त्याच्या उजव्या अंगाला येतो आणि उजवा हात कामाला येतो. उजव्या टोकाकडून आला, तर टॅकल डाव्या अंगाला, आणि शकीमचा तो पंजा नाही. मग तो काय करायचा, हे मी दुर्बीण लावून बघायचो. तो त्या बाजूने टॅकलला पंजे लावूच द्यायचा नाही. खांदा इतका खाली न्यायचा की कोपर जवळजवळ गवताला, आणि डाव्या हाताचा उरलेला भाग दांड्यासारखा वर उचलून समोरच्याचे पंजे खालून उडवायचा. धरणं नाहीच, नुसता फटका आणि पुढे. धावणाऱ्याला पाडतानाही तसंच: दोन्ही हातांनी कवळ घालून बोटं गुंतवणं शक्य नाही, म्हणून तो छाती नेऊन भिडवायचा, उजव्या मुठीत शर्ट, डावा हात पाठीमागून आवळलेला आणि पाय थांबत नाहीत. कोच म्हणायचे, “पाय चालू ठेवतो बघ. दोन हातांची पोरं हातांवर विसंबतात आणि पाय थांबवतात.” हे त्यांनी कौतुकाने नाही, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांवरच्या रागाने म्हटलं होतं.

२०१६ च्या मोसमात शकीमने ९२ टॅकल केले (इथे टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला खाली पाडणं), साडेअकरा सॅक घेतले आणि त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम बचावपटू ठरला. (अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलं, हिशेब चोख असतो.) आता माझा मुद्दा. तो कॉलेजात आला २०१३ मध्ये. हात तोच, जिद्द तीच, ठोकळ्यावर कमावलेली छाती तीच. मग २०१३, २०१४ आणि २०१५ मध्ये हा मुलगा कुठे होता?

बाकावर.

हकीकत अशी. शाळा संपताना मोठमोठ्या कॉलेजांना शकील हवा होता. शकील उत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला राहून पास अडवणारा, धडधाकट, दोन हातांचा. शकीम कुणाला नको होता. दोघांनी मात्र ठरवलेलं होतं, गेलो तर एकाच कॉलेजात. शकीलने त्यासाठी मोठी नावं सोडली. यूसीएफने दोघांनाही शिष्यवृत्ती दिली आणि दोघे ऑरलँडोत आले. तेव्हाचे मुख्य कोच जॉर्ज ओलिअरी. त्यांच्या टीमने १ जानेवारी २०१४ ला फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात बेलरला ५२-४२ हरवलं, तो या कॉलेजचा तोवरचा सर्वांत मोठा विजय. शकील पहिल्या वर्षापासून खेळला. शकीमला पहिलं वर्ष राखीव ठेवलं आणि पुढची दोन वर्षं सेफ्टीच्या जागेवर, म्हणजे अगदी मागच्या फळीत, नावापुरतं. सराव सगळे, बसप्रवास सगळे, मैदानावर जेमतेम. सोडून द्यावं असं मनात आलं होतं, हे त्याने नंतर सांगितलंय. २०१५ मध्ये टीम बारापैकी बारा सामने हरली. बारा! ओलिअरी मोसम संपायच्या आतच गेले. ज्या टीमला एकही सामना जिंकता येत नव्हता, त्या टीमलासुद्धा पुढच्या वर्षीचा कॉन्फरन्समधला सर्वोत्तम बचावपटू बाकावरून उठवावासा वाटला नाही, यावर मी अनेकदा विचार करत बसतो.

डिसेंबर २०१५ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट कोच म्हणून आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शकीमला मागच्या फळीतून उचलून पुढे आणलं, आउटसाइड लाइनबॅकर केलं. मागच्या फळीत उभं राहून वाट बघायची असते आणि उडता चेंडू दोन हातांनी धरायचा असतो. टोकाला उभं राहिलं की हल्ला चढवायचा असतो. माणसाचा वेग आणि माणसाची जागा यांची गाठ पडली, बस्स. त्यात चमत्कार नव्हता. नवे लोक आले, त्यांच्या डोक्यात जुनं मत नव्हतं आणि त्यांनी सराव बघून माणसं निवडली.

प्रेरणेची गोष्ट सांगताना ही तीन वर्षं गाळली जातात, कारण ती घातली की गोष्ट बिघडते. ‘हात नव्हता, पण जिद्द होती, म्हणून जिंकला’ यात दोषी कुणीच नाही. फार तर नशीब. तीन वर्षं घातली की विचारावं लागतं की अडलं कुणामुळे. आणि मग जोडलेले हात टाकणं अवघड होतं, कारण आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी यादी करणाऱ्याच्या खुर्चीत बसलेले असतात. मी बसलोय. नोकरीचे अर्ज चाळताना पहिल्या नजरेत बाजूला पडणाऱ्या कागदांवर काय लिहिलेलं असतं, ते मला माहीत आहे.

२०१७ चं मात्र सांगायलाच हवं, कारण त्या वर्षी सगळं गाव वेडं झालं होतं.

त्या वर्षी ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. इथल्या मराठी मंडळींनी विसर्जन उरकलं आणि लगेच सगळे पाणी, बॅटऱ्या आणि प्लायवूडच्या रांगेत लागले. इर्मा चक्रीवादळ निघालं होतं. दहा तारखेच्या रात्री ते आमच्यावरून गेलं. वीज गेली, झाडं पडली. जॉर्जिया टेकविरुद्धचा घरचा सामना रद्द झाला, मेम्फिसविरुद्धचा पुढे गेला. पहिल्या सामन्यानंतर टीमला कितीतरी दिवस खेळायलाच मिळालं नाही. आणि मग जे सुरू झालं, ते थांबेना. सामन्यामागून सामना. यूसीएफचं स्टेडियम लोखंडी सांगाड्यावर उभं आहे. पब्लिक एका तालात उड्या मारायला लागलं की अख्खा स्टँड हलतो, म्हणून त्याचं नावच ‘बाउन्स हाउस’ पडलंय. माझी बायको एकदाच आली आणि म्हणाली, “हे पडणार आहे, मी खाली उभी राहते.” ती खरोखरच उरलेला सामना खाली उभी राहून, पॉपकॉर्नच्या स्टॉलजवळच्या टीव्हीवर बघत बसली.

नोव्हेंबरच्या अखेरीस टॅम्पाच्या साउथ फ्लोरिडाशी सामना, शेजाऱ्यांचं भांडण. दीड मिनिट उरलेलं असताना समोरच्यांनी ४२-४२ केलं आणि पुढच्याच किकवर यूसीएफचा माइक ह्यूज चेंडू घेऊन ९५ यार्ड धावत गेला. ४९-४२. आठवड्याने मेम्फिसशी कॉन्फरन्सची फायनल, दोन जादा डाव, ६२-५५. बचावपटूंवर लेख लिहिताना हा स्कोअर लिहायला जरा लाज वाटते, पण तो सामना संपवला बचावानेच, एक पास मध्येच पकडून. त्या दिवशी विजयाची टोपी घातलेले फ्रॉस्ट काही तासांत नेब्रास्काचे कोच म्हणून जाहीर झाले. सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर.

इथे जरा थांबतो. कोचला साडेतीन कोटी. खेळाडूला शिष्यवृत्ती, खोली आणि जेवण. त्या काळी कॉलेजच्या खेळाडूने आपल्या नावावर एक डॉलर कमावला तरी नियम मोडायचा. त्याच उन्हाळ्यात यूसीएफचाच किकर डॉनल्ड डे ला हे याला, तो यूट्यूबवर व्हिडिओ टाकून पैसे मिळवत होता म्हणून, अपात्र ठरवलं. त्याच्यासमोर अटी ठेवल्या होत्या, त्याने त्या मानल्या नाहीत, शिष्यवृत्ती गेली. नावाचे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती जुलै २०२१ मध्ये आणि कॉलेजांनी थेट पैसे देणं सुरू झालं २०२५ मध्ये. शकीमचा १८ नंबरचा काळा शर्ट मी स्वतः विकत घेतला होता, मुलासाठी. त्यातला छदाम त्याला गेला नाही.

तर बारा सामने, बारा विजय. दोन वर्षांपूर्वी बारा सामने, बारा पराभव. राष्ट्रीय विजेतेपदासाठी एक समिती चार टीम निवडायची. अपराजित यूसीएफला तिने बाराव्या क्रमांकावर ठेवलं. छोटं कॉलेज, दुबळी कॉन्फरन्स, कोणाशी खेळलेत हे? तीच पद्धत, अगोदर यादी आणि मग खेळ. त्यांच्या वाट्याला आला पीच बोल, १ जानेवारी २०१८, अटलांटा, समोर ऑबर्न. ऑबर्नने त्याच मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही हरवलं होतं, आणि आठवड्याने विजेतेपदाची फायनल खेळले ते हेच अलाबामा आणि जॉर्जिया.

हा सामना आम्ही कोचच्या घरी पाहिला. मध्यंतरानंतर ऑबर्न २०-१३ पुढे गेलं, तेव्हा कोच उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले तोवर शकीमने अख्ख्या सामन्याचा नूर पालटायला घेतला होता. मला एक झेप स्वच्छ आठवते: ऑबर्नचा टॅकल मागे सरकतोय, पंजे पुढे, शकीम त्या पंजांच्या खालून जातो, कमरेतून वाकून, आणि वळणावर त्याचा उजवा पंजा एक क्षण गवतावर टेकतो, सायकलवरून वळताना टेकवतात तसा. मग उठतो आणि क्वार्टरबॅक खाली. कोच ओरडले नाहीत. रिमोट मागे घेतला, पुन्हा दाखवलं, पुन्हा मागे घेतलं. “पाऊल बघितलंस? त्याला चेंडू हलायच्या आधी ठाऊक होतं.” त्या दिवशी शकीमचे १२ टॅकल, दीड सॅक, यूसीएफ ३४-२७, बचावातला सामनावीर तोच.

पुढचा आठवडा ऑरलँडोने जो धुमाकूळ घातला, त्याला तोड नाही. युनिव्हर्सिटीने सरळ जाहीर केलं, आम्हीच राष्ट्रीय विजेते. डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक निघाली. फ्रॉस्टच्या मदतनीसांना विजेतेपदाचे बोनस दिले. देशभर टर उडाली. पण क्रमवारी लावण्याच्या मान्य पद्धतींपैकी एकीत, कोली मॅट्रिक्समध्ये, यूसीएफ खरंच पहिल्या नंबरावर आलं आणि त्यामुळे अधिकृत नोंदवहीतही ते नाव चढलं. माझ्या मते हा प्रकार निम्मा खोडसाळपणा आणि निम्मा न्याय होता, आणि दोन्ही निम्मे मला पसंत आहेत.

एवढं सगळं झाल्यावर, कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटू होऊन, ऑबर्नला लोळवून, शकीमला इंडियानापोलिसच्या चाचणीचं बोलावणं आलं नाही. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. जानेवारीच्या अखेरीस अलाबामातल्या मोबाईल नावाच्या गावी, सीनिअर बोल या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या सरावात त्याने पुन्हा सगळ्यांचे डोळे उघडले, तेव्हा कुठे बोलावणं आलं. म्हणजे मावशीच्या व्हिडिओतला तो मुलगा त्या बेंचवर जवळजवळ पोचलाच नव्हता. बेंचच्या दुसऱ्या दिवशी तो ४० यार्ड धावला, ४.३८ सेकंदांत. २००३ पासूनच्या नोंदींत कुठलाही लाइनबॅकर इतक्या वेगाने धावला नव्हता. माझ्या दृष्टीने व्हायरल व्हायला हवा होता तो हा व्हिडिओ. पण त्यात दोन्ही हात वेगाने हलत असतात आणि कुठला हात कुठे संपतो, ते दिसत नाही. फॉरवर्ड करण्यासारखं त्यात काही नाही.

एनएफएलच्या टीम्स दर वर्षी फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजचे खेळाडू निवडतात. शकील आदल्या वर्षीच तिसऱ्या फेरीत सिअ‍ॅटलला गेला होता. एप्रिल २०१८ मध्ये सिअ‍ॅटलनेच पाचव्या फेरीत, १४१ व्या क्रमांकावर, शकीमला घेतलं. दोघे पुन्हा एका ड्रेसिंग रूममध्ये. सप्टेंबरमध्ये डेन्व्हरविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात जखमी खेळाडूच्या जागी तो सुरुवातीपासून उतरला. तो सामना त्याला जड गेला. त्याला उतरवलं होतं आतल्या बाजूला, जिथे वळसे नाहीत, गर्दी आहे, आणि मध्येच बदललं. मग बहुतेक वेळ किक आणि पंटच्या तुकड्यांत (चेंडू लाथेने उडवायचा असतो तेव्हाच मैदानात येणाऱ्या), पुढे कधीमधी टोकावरून हल्ल्याला. तीन मोसम, ४६ सामने. २०२१ मध्ये शकील जॅक्सनव्हिलला गेला, शकीम मायामीच्या सराव-टीमपर्यंत पोचला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने खेळ सोडला.

“म्हणजे पुढे काही झालं नाही त्याचं?” हा प्रश्न मला इथल्या आपल्या मंडळींनीच विचारलाय, दिवाळीच्या फराळाला. व्यावसायिक फुटबॉलपटूची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास असते, असं खेळाडूंची संघटना सांगते. पाचव्या फेरीतला, जरा हलक्या वजनाचा लाइनबॅकर जितकं खेळतो, तितकं तो खेळला. मला हेच फार मोठं वाटतं. दंतकथा वगैरे न होता तो एक साधारण व्यावसायिक खेळाडू झाला, चांगल्या दिवशी चांगला, वाईट दिवशी बदलला गेलेला. डेन्व्हरला त्याला बाहेर काढलं ते हात नाही म्हणून नाही, आतल्या गर्दीत तो उशिरा पोचत होता म्हणून. असं कुणी त्याला आठव्या वर्षी बाहेर काढलं असतं, तर चाललं असतं.

कोचचं आणि माझं एका गोष्टीवरून अजून भांडण आहे. मी ओलिअरींना दोष देतो. कोच म्हणतात, ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या पोराला शिष्यवृत्ती दिली ती त्याच माणसाने. ती नसती, तर फ्रॉस्टच्या हाती काय लागलं असतं? मी म्हणतो, ती शकीलला मिळवण्यासाठी दिली. कोच म्हणतात, कशासाठी का दिली असेना, खोली मिळाली, जेवण मिळालं, वजनं मिळाली. मी म्हणतो, मैदान नाही मिळालं. यावर ते गप्प बसतात आणि मग म्हणतात, “मीपण कितीतरी पोरांना नाही दिलं.” कितीतरी म्हणजे किती, हे मी विचारत नाही.

फ्रॉस्टना नेब्रास्काने २०२२ मध्ये काढून टाकलं. २०२४ च्या डिसेंबरात ते परत यूसीएफला आले. यूसीएफ आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळतं, बारावा नंबर देणारी समिती आता चारऐवजी बारा टीम घेते, आणि शर्ट विकला की पोराला पैसे मिळतात. कोच परवा म्हणाले, सरावाला जाऊन बसू या एकदा, सामने काय टीव्हीवरही दिसतात. मी विचारलं, सरावात काय बघायचं? “दुसऱ्या अन् तिसऱ्या नंबरची पोरं. फ्रॉस्टला अजून नजर आहे की नुसतं नाव, ते तिथे कळेल.”